मडकं, पाइप आणि भोंगा: घरी बनवलेल्या स्पीकरचा डबा नेमकं करतो काय?

आमच्या लहानपणी खानदेशातल्या अमळनेरच्या आसपासच्या गावांत एक प्रकार हमखास दिसायचा. टेपला जोडलेला सहा इंची स्पीकर मातीच्या मडक्याच्या तोंडावर पालथा घातलेला, वायरी बाहेर लोंबताहेत, शेजारी एक जण मान हलवत उभा आणि म्हणतोय "बेस पाय भो बेस!" म्हणजे जाड आवाज बघ भाऊ. आणि बेस खरंच यायचा. तोच स्पीकर मडक्यावरून उचलून हातात धरला की गाणं तेच, आवाजाचं बटण तिथंच, पण आवाज एकदम पत्र्याच्या डब्यात अडकलेल्या माशीसारखा. तेव्हा वाटायचं मडकं आवाज "वाढवतं". मडकं काहीच वाढवत नाही, ते वेगळंच काम करतं, आणि ते काम समजलं की स्पीकरच्या डब्याचे जितके प्रकार आहेत ते सगळे आपोआप समजतात.

हे आता लिहायचं कारण असं की दोनेक वर्षांपासून पोरांना घरी स्पीकर बनवायचं वेड लागलंय. रील बघतात, चार इंची फुल-रेंज युनिट (डब्याशिवायचा नुसता स्पीकर) ऑनलाइन मागवतात, छोटासा अॅम्प्लिफायर बोर्ड घेतात आणि मग मला मेसेज, "दादा, सगळ्यात भारी डबा कोणता?" या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर नाही म्हणून हा लेख. जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

फुल-रेंज म्हणजे काय

नेहमीच्या होम थिएटरच्या स्पीकरमध्ये मोठं युनिट जाड आवाज काढतं, छोटं युनिट बारीक आवाज काढतं आणि मध्ये एक सर्किट बसून वाटणी करतं, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. फुल-रेंजमध्ये एकच युनिट, एकच कागदाचा कोन (पुढं-मागं हलणारा शंकू), आणि तबल्याच्या डग्ग्यापासून मंजिरीपर्यंत सगळं त्यानंच काढायचं. वाटणी नाही, सर्किट नाही.

फायदा हा की माणसाचा आवाज फार खरा वाटतो. बोलणं, ओवी, भजन, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, सगळं एकाच जागेवरून येतं, तुकडे जोडल्यासारखं वाटत नाही. तोटे दोन. एक म्हणजे चार इंची कोनातून अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जायला लागतो, बाजूला बसलेल्याला बारीक सूर कमी ऐकू येतात. दुसरा तोटा बेसचा, आणि डब्याची सगळी कथा तिथूनच सुरू होते. (हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती वेळा थरथर. कमी हर्ट्झ म्हणजे जाड आवाज, जास्त म्हणजे बारीक. एवढं पुरे.)

खरी भानगड मागच्या आवाजाची

स्पीकरचा कोन पुढं सरकला की पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा ओढली जाते. म्हणजे पुढून आवाज निघतो तसा मागूनही तेवढाच निघतो, फक्त उलटा. पुढं दाब तेव्हा मागं ओढ. हे दोन आवाज एकमेकांना भेटले की पुसले जातात.

घरात करून बघा. पाण्याच्या टोपात एक ताटली उभी धरा आणि हळूहळू पुढं-मागं हलवा. पाणी ताटलीच्या कडेनं वळसा घालून मागं जातं, टोपाच्या काठाला लाट अशी काही पोचत नाही. आता पटपट हलवा, पाण्याला वळसा घालायला वेळच मिळत नाही आणि लाट उठते. हळू हलणं म्हणजे जाड आवाज, पटपट म्हणजे बारीक. म्हणून उघड्या स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते आणि ढोल गायब असतो. हातात धरलेल्या स्पीकरची माशी का होते ते आलं लक्षात?

मडकं काय करतं, तर एका बाजूचा आवाज पोटात कोंडून ठेवतं. दुसऱ्या बाजूचा मोकळा राहतो, त्याला पुसणारा कोणी उरत नाही. म्हणजे बेस स्पीकरमध्ये आधीपासूनच होता, मडक्यानं तो वाढवला नाही, वाचवला. वर मडकं गोल, त्यामुळं भिंती जाम कडक, हलत नाहीत. कुंभारानं न शिकता इंजिनिअरिंग करून ठेवलंय.

आता डब्याचा कुठलाही प्रकार घ्या, प्रश्न एकच, मागच्या आवाजाचं काय करायचं? कोंडायचा, वळवायचा, की वापरून घ्यायचा.

डबा ठरवण्याआधी तीन आकडे

युनिटसोबत एक कागद येतो, नाहीतर कंपनीच्या साइटवर असतो. त्यात वीस आकडे असतात, आपल्याला तीन पुरतात. एफएस म्हणजे युनिट मोकळं असताना त्याचा कोन स्वतःहून कोणत्या सुरावर डोलतो तो हर्ट्झ. क्यूटीएस म्हणजे त्या डोलण्याला लगाम किती, आकडा लहान तर लगाम घट्ट. आणि व्हीएएस म्हणजे कोनाच्या स्प्रिंगइतकीच ताकद असलेली हवा किती लिटर.

हे आकडे आपल्याला फुकटात मिळाले ते दोन माणसांमुळं. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरनं १९६१ मध्ये गणित मांडलं आणि रिचर्ड स्मॉलनं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढं नेलं. त्याआधी चांगले इंजिनिअरसुद्धा डबे बनवून, ऐकून, तोडून, परत बनवून बघायचे. आपण आजही तेच करतो, पण हौसेनं.

उदाहरणासाठी माझ्याकडचं चार इंची युनिट घेऊ, आकडे गोल करून: एफएस ६५, क्यूटीएस ०.४, व्हीएएस १० लिटर. पुढचं सगळं गणित याच युनिटचं. तुमचं युनिट वेगळं असेल तर आकडे बदलतील, हे डोक्यात ठेवा नाहीतर मला शिव्या द्याल.

उघडी फळी

सगळ्यात सोपं म्हणजे डबाच नको, एक मोठी फळी घ्या, मध्ये होल पाडा, युनिट बसवा. मागच्या आवाजाला पुढं यायला लांबचा वळसा पडतो एवढंच. दोन फुटी फळी असेल तर साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली बेस उतरायला लागतो. आवाज मात्र इतका मोकळा, डब्याचा वासच नाही, की ऐकून काही लोक कायमचे बिघडतात आणि परत डब्याकडं वळत नाहीत. याला क्यूटीएस ०.७ च्या वर असलेलं ढिल्या लगामाचं युनिट लागतं आणि भिंतीपासून निदान दोन-तीन फूट जागा सोडावी लागते. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत जिथं शोकेस, दिवाण, गव्हाच्या कोठ्या सगळं आहे तिथं ही फळी कुठं उभी करणार? पुढं जाऊ.

बंद डबा, म्हणजे अंगठा दाबलेला पंप

सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबा आणि दांडा खाली ढकला. हवा दबते आणि दांड्याला परत वर लोटते, स्प्रिंगसारखी. बंद डब्यात तेच होतं. एडगर विल्चर या अमेरिकन माणसानं १९५४ मध्ये हीच गोष्ट धरून एआर-१ नावाचा छोटा स्पीकर काढला, त्यात कोनाची स्वतःची स्प्रिंग मुद्दाम ढिली ठेवली आणि काम आतल्या हवेवर सोपवलं. तोपर्यंत बेस पाहिजे तर कपाटाएवढा डबा असं समीकरण होतं.

आमच्या युनिटला बंद डबा काढला तर गणित सांगतं साधारण पावणेपाच लिटर. तेल ठेवायच्या पाच लिटरच्या कॅनपेक्षाही थोडा लहान! पण हवेची स्प्रिंग जोडली गेल्यानं डोलण्याचा सूर ६५ वरून ११५ हर्ट्झवर चढतो, आणि त्याच्या खाली आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) उतरतो. सप्तक म्हणजे तेच आपलं सा ते वरचा सा, हर्ट्झ दुप्पट. म्हणजे बंद डब्यात बेस नेटका, ठोका पडला की लगेच थांबणारा, शेपूट नसलेला, पण खोल नाही. ढोलकी मस्त, डीजेचा धडधडाट विसरा.

बनवायला हा सगळ्यात माफ करणारा डबा. अर्धा लिटर इकडंतिकडं झाला तरी बिघडत नाही. फक्त हवा सुटायला नको, युनिटच्या रिंगखाली दाराला लावतात ती फोमची पट्टी चिकटवा, वायरीच्या होलला फेव्हिकॉल आणि भुसा भरा.

आणि आत कापूस. आपण कापसाच्या मुलखातले लोक, पहिला विचार तोच येतो, मलाही आला. पिंजलेला कापूस चालतो, पण तो कालांतरानं खाली बसतो, पावसाळ्यात ओल धरतो, आणि उंदराला पत्ता लागला तर विषयच संपला. उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर बरा. सैल भरायचा, दाबून नाही. गंमत म्हणजे तो भरल्यावर डबा आतून मोठा झाल्यासारखा वागतो, कारण दबलेल्या हवेची उष्णता धागे शोषून घेतात आणि हवेची स्प्रिंग नरम पडते. कागदावर हा फायदा ४० टक्क्यांपर्यंत जातो, प्रत्यक्षात दहा-वीस मिळाले तरी खुश राहायचं.

पाइपवाला डबा आणि आखाजीचा झोका

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की "हूऽऽ" असा एकच सूर येतो. बाटली बदला, सूर बदलतो. बाटलीच्या मानेतली हवा म्हणजे वजन आणि पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग, दोन्ही मिळून एका ठरावीक सुरावर डोलतात.

आखाजीला झाडाला बांधलेला झोका आठवा. झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत नुसत्या बोटानं ढकललं तरी झोका उंच जातो, लय चुकवून पैलवानानं ढकललं तरी गडबडतो. पाइपवाल्या डब्यात, ज्याला बास रिफ्लेक्स म्हणतात, पाइपमधली हवा म्हणजे तो झोका. कोन मागून त्याला ढकलतो. झोक्याच्या लयीजवळच्या सुरांवर कोन जवळपास स्थिर असतो आणि बहुतेक आवाज पाइपमधून येतो, तोही उलटा न राहता सुलटा होऊन. म्हणजे जो मागचा आवाज आपण मडक्यात कोंडून वाया घालवत होतो तो कामाला लागला. बेल लॅब्समधल्या अल्बर्ट थुरासला याचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं, म्हणजे कल्पना विल्चरच्या बंद डब्याहून जुनी, पण नीट गणित थील-स्मॉलनंतरच हाती आलं.

आमच्या युनिटला १० लिटरचा डबा आणि आतून ५ सेंटिमीटर व्यासाचा, १२ सेंटिमीटर लांब पीव्हीसी पाइप लावला तर लय येते साधारण ६१ हर्ट्झ. तोच पाइप २० सेंटिमीटर केला तर ५० हर्ट्झ. पाइप लांब तर झोका जड, लय हळू. डबा लहान केला तर स्प्रिंग कडक, लय वर. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

बंद डब्यात हेच युनिट ११५ वर दमलं होतं, इथं ६० पर्यंत उतरतं. जवळजवळ एक सप्तक खाली, फक्त एका पाइपच्या तुकड्यानं! लोक याच्या प्रेमात का पडतात ते कळतं.

पण फुकट काही नसतं. लयीच्या खाली आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलनं कोसळतो, बंद डब्याच्या दुप्पट वेगानं. शिवाय तिथं कोनाला मागून हवेचा आधारच राहत नाही, पाइपमधून हवा नुसती आत-बाहेर होते आणि कोन वाऱ्यावरच्या धोतरासारखा फडफडतो. आवाज काही येत नाही, युनिट मात्र मरतं. रिमिक्स गाण्यांत जो चाळीस हर्ट्झचा गुरगुराट घातलेला असतो तो चार इंची युनिटचा काळ. फोनच्या इक्वलायझरमध्ये ५० च्या खालचं सगळं कापून टाका, ऐकताना फरक कळणार नाही आणि कोनामागची तारेची कॉइल वाचेल.

एक आपल्याकडची गंमत सांगतो. ही गणितं साधारण २० अंशाच्या हवेवर मांडलेली असतात, तेव्हा आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा तोच वेग ३५८ च्या आसपास जातो. म्हणजे ६१ ची लय दुपारी ६४ च्या जवळ सरकते. कानाला कळण्याइतका फरक नाही, पण कूलरसमोर घाम पुसत बसल्यावर विचार करायला बरं असतं.

लांब नळी

तिसरा रस्ता म्हणजे मागचा आवाज एका लांब बोगद्यात सोडायचा. एका बाजूनं बंद आणि दुसऱ्या बाजूनं उघडी नळी तिच्या लांबीच्या चौपट लांबीच्या लाटेला साथ देते. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर, तिचा चौथा भाग १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फुटांहून थोडी जास्त नळी. ती सरळ उभी केली तर माणूस उभा असल्यासारखी दिसते, म्हणून मध्ये पार्टिशन घालून दुमडतात. १९६५ मध्ये आर्थर बेली यांनी आत लोकर भरलेल्या अशा नळीचा लेख इंग्लंडमध्ये छापला आणि हौशी लोकांत तिची लाट आली. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, पॉल व्हॉइटनं एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद अशी निमुळती नळी मांडली होती, फुल-रेंजवाले आजही ती व्हॉइट पाइप म्हणून बनवतात.

आवाज सुंदर, बेस खोल आणि तरी घोगरा नाही. पण नळी फक्त ५० ला साथ देऊन थांबत नाही, तिप्पट आणि पाचपट सुरांनाही देते, १५० आणि २५०, आणि ते पुरुषाच्या आवाजाच्या ऐन पट्ट्यात येतात. म्हणून फायबर कुठं, किती भरायचा यावर सगळा खेळ. भरा, ऐका, काढा, परत भरा. मी एक बनवली होती, मागचं झाकण सोळा स्क्रूचं होतं आणि एका रविवारी ते मी नऊ वेळा उघडलं. शेजारच्या आजी दारातून बघून गेल्या, "हाई काय शे भाऊ, कोंबडीस्ना खुराडा?" मी हो म्हटलं.

भोंगा

चौथा प्रकार हॉर्न. मागचा आवाज हळूहळू रुंद होत जाणाऱ्या बोगद्यातून बाहेर काढायचा, तुतारीसारखा. छोटा कोन हवेवर नीट पकड घेऊ शकत नाही, भोंगा त्याला ती पकड मिळवून देतो, म्हणून दोन-चार वॅटमध्येसुद्धा घर भरतं.

अडचण आकाराची. ५० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरायचं तर भोंग्याच्या तोंडाचा घेर एका लाटेएवढा, म्हणजे जवळपास ७ मीटर पाहिजे, व्यास सव्वादोन मीटर. बैलगाडी आत जाईल! पण तो खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला तर दोन भिंती आणि फरशी स्वतःच भोंग्याचा पुढचा भाग बनतात आणि तोंडाचा आठवा हिस्सा पुरतो, सव्वादोन फूट बाय सव्वादोन फूट. पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनिअरनं ही कोपऱ्याची युक्ती वापरून १९४० च्या दशकात आपला स्पीकर बाजारात आणला. घरगुती फुल-रेंजवाले जे भोंगे बनवतात ते याहून बरेच लहान असतात, म्हणजे खरं तर अर्धा भोंगा आणि अर्धी नळी. त्यांचा आवाज उत्साही असतो पण मधेच एखादा सूर उसळतो. प्लायचे वीस-बावीस तुकडे, प्रत्येकाचा तिरकस काप वेगळा. पहिलाच स्पीकर बनवताय तर हात लावू नका.

मिरवणुकीत डीजेवाले बेसचे डबे एकावर एक रचून भिंत का करतात याचं उत्तरही थोडंफार इथंच आहे, जवळजवळ ठेवलेली तोंडं मिळून एक मोठं तोंड होतं आणि जाड आवाज लांबवर जातो. आपल्याकडच्या नियमानं रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, त्यावर दरवर्षी गणपतीत जो वाद होतो तो वेगळा विषय, त्यात पडत नाही.

"पण वॅट जास्त घेतले तर बेस येईलच ना?"

नाही. दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल जास्त. एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारं युनिट असेल तर १६ वॅटला ९९, घरात तेवढ्यात लोक उठून जातात. आणि बेसला ताकदीपेक्षा कोनाची धाव लागते. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट सरकावं लागतं, आणि चार इंची कोन बिचारा सरकून सरकून तीन-चार मिलिमीटर सरकणार. खोक्यावर हजारो वॅट पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा आकडा) लिहिलेलं असतं त्याकडं तर बघूच नका, तो आकडा रंगाच्या डब्यावरच्या हसऱ्या बाईइतकाच कामाचा.

"मग तो एवढासा ब्लूटूथ स्पीकर बेस कसा मारतो?"

हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो आणि प्रश्न बरोबर आहे. त्यात तीन गोष्टी चालतात. आतली चिप हळू आवाजात बेस भरपूर उचलते आणि आवाज वाढवला की गुपचूप कमी करते, करून बघा, फुल केल्यावर बेस पातळ होतो. दुसरं, बाजूला जी रबराची हलणारी तबकडी दिसते ती पाइपच्या हवेऐवजी वजनाचं काम करते, झोका तोच, पाटी वेगळी. तिसरं, कानाला फसवता येतं. मूळ जाड सूर नसला तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट सुरांचा गठ्ठा ऐकवला की मेंदू खालचा सूर स्वतः भरून घेतो.

"लाकूड कोणतं भाऊ, सागवान?"

सागवान दारं-खिडक्यांना ठेवा, ते हवेप्रमाणं फुगतं-आकसतं. १८ एमएम प्लाय घ्या. आयएस ३०३ चा साधा प्लाय चालतो, ओलीची जागा असेल तर आयएस ७१०. एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) कापायला गुळगुळीत आणि आवाजाला चांगला, पण पावसाळ्यात कडा पाव भिजल्यासारख्या फुगतात, कडांना सीलर लावायची तयारी असेल तरच घ्या. समोरासमोरच्या दोन भिंतींना मध्ये एक पट्टी मारून द्या, बोटानं ठोकल्यावर "टण" ऐवजी "ठक" आलं पाहिजे.

"बनवला, पण आवाज पातळ वाटतो"

बहुतेक वेळा डब्याचा दोष नसतो, जागेचा असतो. बारीक आवाज डब्याच्या दर्शनी फळीला टेकून पुढंच जातो, जाड आवाज कडेवरून वळून मागंही पसरतो, त्यामुळं समोरच्याला तो कमी मिळतो. २० सेंटिमीटर रुंद डब्यात ही उतरण साधारण पावणेसहाशे हर्ट्झच्या आसपास असते. उपाय फुकटचा आहे, डबा भिंतीजवळ सरकवा. भिंत मागं गेलेला जाड आवाज परत पाठवते. एक-एक वीत सरकवून ऐका, एका जागी गाणं "बसतं".

आता माझा पराक्रम

वर जो १० लिटरचा पाइपवाला डबा सांगितला, आतून १८ बाय २० बाय २८ सेंटिमीटर, तो मी पहिल्यांदा बनवायला दिला तेव्हा सगळं गणित वहीत तीनदा तपासलं होतं. मिस्तरी काकांना कागदावर मापं लिहून दिली, १८, २०, २८. "आतून" हा शब्द लिहायचा राहिला. काकांनी नेहमीप्रमाणं बाहेरून मापं धरली, कपाटाची धरतात तशी, आणि इतका सुंदर डबा करून आणला की बोलायची सोय नाही, कडा बघितल्या तरी हात फिरवावासा वाटे.

१८ एमएमच्या भिंती दोन्ही बाजूंनी आत आल्या. आतून उरलं १४.४ बाय १६.४ बाय २४.४. म्हणजे १० लिटरचे झाले पावणेसहा. लय ६१ वरून चढून ८० वर गेली. मला हे तेव्हा कळलं नव्हतं, युनिट बसवलं, वायरी जोडल्या, मोठ्या कौतुकानं घरच्यांना बोलावलं आणि आकाशवाणी जळगाव लावलं. निवेदक रांजणात तोंड घालून बातम्या वाचत होता. प्रत्येक "ब" आणि "भ" ला डबा ढेकर देत होता. वडील म्हणाले, "विकतचा बरा होता."

पाइप लांब करून लय खाली आणता आली असती, पण हिशेब केला तर जवळपास २४ सेंटिमीटर पाइप पाहिजे, आणि डब्याची खोली आतून १६ सेंटिमीटर. कोपर लावून वळवायचा कंटाळा आला. चिडून जुन्या बनियनचा बोळा केला आणि पाइपमध्ये कोंबला.

आणि आवाज सुधारला. नुसता सुधारला नाही, एकदम शहाणा झाला. ढेकर बंद, निवेदक रांजणातून बाहेर आला. रात्री वहीत हिशेब केला तेव्हा कळलं, पाइप बंद केल्यावर तो बंद डबा झाला, आणि या युनिटला बंद डबा पाहिजे होता पावणेपाच लिटरचा, मिळाला पावणेसहाचा. चुकून जवळपास बरोबर.

तुम्ही पहिला डबा करत असाल तर माझं मत साधं आहे. क्यूटीएस ०.३ ते ०.४५ च्या मध्ये असेल तर पाइपवाला डबा करा, एक बोळा हाताशी ठेवा आणि दोन्ही प्रकारे ऐका. ०.५ ते ०.७ असेल तर सरळ बंद डबा. नळी आणि भोंगा दुसऱ्या वर्षी. विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तीन आकडे टाकले की वरचं सगळं गणित आलेखात दिसतं. आणि मिस्तरींना कागद देताना मोठ्या अक्षरात "आतून" लिहा, खाली दोन रेघा मारा.

तो डबा आता स्वयंपाकघरात फळीवर आहे, भिंतीला टेकून, मसाल्याच्या डब्यांच्या रांगेत. आई सकाळी भाकरी थापताना त्यावर रेडिओ लावते. मध्ये एकदा तिनं पुसायला काढला तेव्हा बनियनचा बोळा धुवून, वाळवून, परत जागेवर घालून ठेवला होता.